लेकीला घड्याळ घेताना



पहाटे गावच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुली आता आपल्याला नव्या नाहीत. बऱ्याच जणी पोलीस भरतीसाठी पळतात, काही शाळा-कॉलेजच्या स्पर्धांसाठी. त्यातलीच एखादी, विहिरीत पोहायला शिकलेली, सायकलवर शाळेत जाणारी, एक दिवस ट्रायथलॉनचं नाव काढते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, पाण्याबाहेर आल्या आल्या सायकल घ्यायची आणि सायकल ठेवली की पळत सुटायचं. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. तिथं दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादला जाऊन आलं की साधारण ३० किलोमीटर होतात, त्याहून ही सायकल लांब. नवशिक्यांसाठी याच्या निम्म्या अंतराची शर्यत असते.

मग मुलगी म्हणते, सरावाला जीपीएसचं घड्याळ पाहिजे. आई गटाकडं कर्ज मागते. अशा वेळी काय बघायचं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, घड्याळाचा नंबर शेवटी. आधी पायात चांगले बूट, डोक्याला हेल्मेट, पोहण्याच्या तलावाची फी आणि शिकवणारं माणूस. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी साधं स्टॉपवॉच पुरतं, कारण ४०० मीटरच्या मैदानाच्या त्या दोनच फेऱ्या. रस्त्यानं लांब पळायचं, सायकलचा वेग बघायचा, तिन्ही खेळांचा हिशेब ठेवायचा, तेव्हा जीपीएसचं घड्याळ कामाला येतं.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचावर फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की घड्याळाला आपली जागा कळते. जागा बदलत गेली की त्यावरून अंतर आणि वेग निघतो. पण बऱ्याच स्वस्त घड्याळांत स्वतःचं जीपीएस नसतंच, ती मोबाइलकडून उसनं घेतात. खोक्यावरच्या अक्षरांना भुलू नका. दुकानदाराला सरळ विचारा, "मोबाइल घरी ठेवला तर हे अंतर मोजेल का?"

दुसरा प्रश्न पाण्याचा. घड्याळ पोहताना चालेल असं कंपनीनं लिहिलेलं पाहिजे. ५० मीटर लिहिलं असेल तर तो पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आकडा आहे, ५० मीटर खोल जाण्याचा परवाना नव्हे. त्यात ट्रायथलॉनची सोय आहे का, म्हणजे एकच बटण दाबून पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जाता येतं का, हेही बघा.

तिसरा प्रश्न चार्जिंगचा. "पंधरा दिवस चालतं" हे बहुतेक वेळा जीपीएस बंद ठेवून सांगतात. जीपीएस चालू ठेवून किती तास, ते विचारा. जुनं घड्याळ घेत असाल तर तासभर जीपीएस चालवून चार्जिंग किती उतरतं ते बघा, आणि आधीच्या मालकानं आपलं खातं काढून टाकलंय ना, याची खात्री करा.

आता वापरायचं कसं? निघण्याआधी मोकळ्या जागी उभं राहून उपग्रह सापडू द्यावेत. दाट झाडी, उंच इमारती, घाट इथं अंतर थोडं चुकतं. पाण्याखाली तर जीपीएसचा संदेश पोचतच नाही. म्हणून तलावात घड्याळ हाताची हालचाल आणि वळणं मोजतं. तलाव २५ मीटरचा की ५० चा, हे त्याला आधी सांगावं लागतं. ते चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकला. आणि घड्याळ हातात आहे म्हणून शेततळ्यात किंवा धरणात एकटीनं पोहायला कधीच पाठवू नका. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो, चांगली पोहणारीसुद्धा वर येऊ शकत नाही.

नाडीचे ठोके घड्याळ मागच्या हिरव्या उजेडानं मोजतं. त्यासाठी ते मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधावं. बांगड्यांनी ते हलतं आणि आकडा चुकतो, म्हणून त्या हातात बांगड्या नकोत. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, ठोके बघून वहीत लिहायची सवय मुलीला लावा. नेहमीपेक्षा ठोके बरेच वाढलेले, तेही चार-पाच दिवस, आणि अंगात थकवा असेल तर तो आळस समजू नका. झोप कमी असेल, ताप येत असेल, उन्हाचा त्रास असेल किंवा अंगात रक्त कमी असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. घड्याळाला हिमोग्लोबिन मोजता येत नाही. काही घड्याळं ऑक्सिजन दाखवतात, तो आकडा वेगळा. त्यामुळं सराव थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. जोर वाढवायला सांगणाऱ्या आकड्यापेक्षा थांबायला सांगणारा आकडा जास्त मोलाचा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घड्याळाचं ॲप पळण्याचा नकाशा काढतं. तो सगळ्यांना खुला राहिला तर मुलगी कुठल्या घरातून, किती वाजता, कुठल्या रस्त्यानं निघते हे अनोळखी माणसालाही कळतं. २०१८ मध्ये अशाच एका ॲपच्या नकाशावर परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते. आपलं घर तर साधं घर आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ॲपमध्ये "फक्त मला दिसेल" ही सोय निवडा आणि घराजवळचा भाग लपवा. पासवर्ड मुलीचा तिच्याकडंच राहू द्या.

तिच्या संमतीनं आईला ती कुठवर पोचली हे दिसत असेल, तर ती सोबत झाली. घरातल्या प्रत्येकानं तिची पावलं तपासायची ठरवली, तर तो पहारा झाला. पहाऱ्यात पळणारी मुलगी लवकरच पळणं सोडते.

गटांना आमची सूचना अशी. कर्ज देण्याआधी हे प्रश्न बैठकीत मुलीलाच विचारा. शर्यत कुठली, अंतर किती, घड्याळ कशाला, ते तिच्या तोंडून ऐका. गावात चार-पाच मुली सराव करत असतील तर सगळ्यांत मिळून एक घड्याळ घेऊन बघा. अंतर आणि वेळ सगळ्यांना मोजता येते, ठोक्यांची वही मात्र प्रत्येकीची वेगळी ठेवा. घड्याळ हातात नसेल त्या दिवशी दोन बोटं मनगटावर ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. एवढं तर आपल्यातल्या प्रत्येकीला आजच शिकता येईल.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.