रक्ताची गुठळी : तपासणी आणि विवेक



सन २०२० व २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत ‘डी-डायमर’ हा शब्द वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगावच्या घराघरांत पोहोचला. साथ ओसरली; परंतु हा आकडा कशासाठी पाहतात, याविषयीचा संभ्रम अद्याप कायम आहे.

रक्तवाहिनीत गुठळी होण्याची कारणे तीन : प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतील स्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या १८५६ च्या कार्याशी ही त्रयी जोडली जाते. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते.

शरीर गुठळी विरघळवू लागले की जे सूक्ष्म अंश रक्तात उतरतात, तेच डी-डायमर. मुळात धोका कमी असलेल्या रुग्णात हे प्रमाण मर्यादेत असेल, तर गुठळी नसल्याचा भरवसा मिळतो. मात्र वाढलेला आकडा म्हणजे गुठळीच, असे नव्हे. जंतुसंसर्ग, गर्भारपण, कर्करोग, शस्त्रक्रिया आणि वाढते वय यांतही तो वाढतो. शिवाय प्रयोगशाळांची एकके भिन्न असतात. वार आणि मीटर यांचा हिशेब एकत्र मांडता येत नाही, तसेच दोन अहवालांतील आकडे एकक न पाहता ताडून पाहू नयेत.

म्हणून धोक्याचे मापन प्रथम प्रश्नांनी होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पादुआ’ गुणपद्धतीत अकरा बाबी आहेत. पूर्वीची गुठळी, कर्करोग, हालचाल बंद असणे, सत्तरी गाठलेले वय, स्थूलता इत्यादी. चार वा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. या अकरांत डी-डायमर नाही. प्रतिबंधक औषध देण्यापूर्वी प्लेटलेट, हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन मात्र पाहिले जाते. कारण रक्तस्राव आणि मूत्रपिंड यांचाही विचार करावा लागतो.

अहिंसाधर्मीयांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हेपॅरिन हे नेहमीचे प्रतिबंधक इंजेक्शन प्रामुख्याने डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः रासायनिक रीतीने बनवलेले औषध आहे. परंतु मूत्रपिंड दुर्बल असल्यास ते देता येईलच असे नाही. म्हणून हा प्रश्न दाखल होण्याच्या दिवशीच डॉक्टरांपुढे शांतपणे मांडावा. ऐनवेळी दिलेला नकार रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, आणि जीवरक्षण हाही धर्मच आहे. त्याचप्रमाणे नुकतीच अठ्ठाई झाली असल्यास वा रात्री पाण्याचा त्याग असल्यास तेही सांगावे. शरीरातील पाणी घटणे गुठळीस पोषक ठरते.

प्रत्येक कुटुंबाने एक कागद तयार ठेवावा : पूर्वीची गुठळी, रक्ताच्या नात्यातील गुठळीचा इतिहास, चालू औषधे, व्रत-नियम. एकाच पायावर सूज किंवा अचानक धाप लागल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तपासणी हे साधन आहे. निर्णय विवेकानेच होतो.

जय जिनेंद्र!