पुराची खूण आणि पाण्याची हद्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी पाहुणीने चार गोड शब्द बोलावेत असा रिवाज आहे. पण मंडळाने मला विषय दिला तो कृष्णेच्या पुराचा. तो गोड करून सांगणे मला जमणार नाही. सोपा करून सांगण्याचा मात्र प्रयत्न करते.

पहिला प्रश्न असा, की आपल्याकडे पूर येतो तरी कुठून? पलूस-तासगावकडे पाऊस तो किती! वर्षाकाठी साधारण २० ते २५ इंच, आणि तोही रुसत-फुगत येणारा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला मात्र वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ पासूनच्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे २३ इंचांच्या वर. आपल्याला जे वर्षभरात मिळते, ते तिथे एका दिवसात कोसळले! ते पाणी घेऊन कृष्णा निघते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते, आपल्या ब्रह्मनाळला येरळा मिळते आणि पुढे हरिपूरला वारणा. आपल्या दारापुढून जाणारे पाणी हे आपल्या आभाळातले नव्हे, डोंगराने धाडलेले आहे. म्हणून तर अंगणात वाळवण घालण्याजोगे ऊन असतानाही नदी चढत राहते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठी नदी तुडुंब भरली की लहान नदीचे पाणी तिच्यात शिरत नाही, ते मागे सरते. याला आपण फूग म्हणतो. ब्रह्मनाळसारख्या संगमावरच्या गावाला कृष्णेचे पाणी एकीकडून आणि येरळेची फूग दुसरीकडून, असा दुहेरी वेढा पडतो. पाणी समोरून येईल म्हणून माणसे नदीकडे पाहत बसतात, तोवर मागची वाट बंद झालेली असते.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. गावाच्या जमिनीला आपण काळी आणि पांढरी अशी दोन नावे देतो. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. जुनी पांढरी बहुधा उंचवट्यावर असते. नदीकाठची मळी पुराने दरसाल नवा गाळ आणून कसदार केलेली. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ही त्या गाळाची देणगी. पण मळीत पिकवावे, राहावे मात्र वर, हा रिवाज होता. कऱ्हाडचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या भारहूतच्या शिलालेखांत करहकट असे सापडते. इतके जुने ते शहर दोन नद्यांच्या मिठीत वसले आणि टिकले. त्याच्याच जवळ आगाशिवाच्या डोंगरात भिक्षूंनी लेणी कोरली, ती नदी सोडून पार वर. कुठे राहावे आणि कुठे नुसते जाऊन यावे हे इथल्या माणसाला फार पूर्वीपासून कळत होते.

देवाला मात्र आपण काठावरच बसवले. औदुंबरला दत्ताच्या पादुका अगदी नदीलगत. पूर आला की पाणी देवळात शिरते. नृसिंहवाडीला उत्तरेच्या दाराने पाणी आत येऊन पादुकांना स्नान घालून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि स्नानाला गर्दी करतो. ब्रह्मनाळला रामदासी पंचायतनातील आनंदमूर्तींची समाधी संगमाच्याच गावी. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. मला त्यात शहाणपण दिसते. जे पाणी येणारच, त्याच्याशी भांडण मांडण्याऐवजी देवाला पुढे बसवून आपण चार पावले मागे राहिलो.

पुढे रेल्वे आली, तिचे रूळ काठ सोडून वरच्या अंगाने गेले. म्हणून भिलवडी गाव नदीवर आणि भिलवडी स्टेशन दूर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानात कारखान्यासाठी जागा मिळाली, ती कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर. निवडुंग आणि दगडांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या माळाला कुणी विचारीत नव्हते, तिथे पुराची भीती नव्हती. आपल्या भागाचा नकाशा पाहिला तर त्यावर पुराचा हात फिरलेला दिसतो.

मग बिघडले कुठे? १९६० च्या दशकात कोयनेचे धरण पुरे झाले. सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी अडवणारे ते धरण. त्याने महाराष्ट्राला वीज दिली, आपल्या उसाला पाणी दिले. त्यासाठी कोयनेकाठच्या कितीतरी गावांनी आपली घरे, शेते आणि देव पाण्याखाली दिले. तिथल्या बायकांनी माहेरचे अंगण कायमचे बुडताना पाहिले, हे आपण दिवा लावताना आठवावे. पण धरण झाले आणि काठावर एक समजूत रुजली, की आता नदी माणसाच्या हाती आली. तसे नाही. पागोळीखालचा रांजण रिकामा असेल तर पाणी मावते. काठोकाठ भरला असेल तर जेवढे पडेल तेवढे बाहेर सांडते. धरण वीज आणि शेतीसाठी पावसाळ्याअखेर भरून ठेवावे लागते. ऐन ऑगस्टात, ते भरत आलेले असताना, डोंगरात अतिवृष्टी झाली तर दारे उघडावीच लागतात. इकडे आपण मळीत घरे बांधली, ओढे बुजवले, नदीच्या पात्राला खेटून भिंती घातल्या. २०१९ नंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या धरणाला या पुराचे कारण मानले नाही. पात्रातील अतिक्रमणांकडे मात्र बोट दाखवले. अलमट्टीचा वाद पुष्कळांच्या मनातून गेलेला नाही. तो जाणकारांनी जरूर घालावा. पण पात्र कुणी अरुंद केले, या प्रश्नाचे उत्तर शोधायला कर्नाटकात जावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, ती सांगते. सांगलीला आयर्विन पुलावर पाणी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. लोकांनी घराच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर त्याच्या खुणा केल्या. ते चांगलेच झाले. पण पुढे चौदा वर्षे एक वाक्य काठच्या घराघरांत मुरले, "पाचला पाणी या पायरीपर्यंत आले होते, याच्यापुढे येत नाही." २०१९ च्या ऑगस्टात नदी चढू लागली तेव्हा कित्येक घरे या वाक्याच्या भरवशावर बसून राहिली. सांगलीला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वरचे ते तीन-चार फूट म्हणजे चुलीपासून कोनाड्यापर्यंतचे अंतर. तेवढ्यात संसार जातो. ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढताना नाव उलटली आणि आपल्या तालुक्याने बायकालेकरे गमावली. त्या घरांच्या भगिनी आज इथे असतील. त्यांच्यापुढे मी अधिक बोलत नाही.

भगिनींनो, खूण म्हणजे हद्द नव्हे. खूण एवढेच सांगते, की पाणी इथवर आले होते. इथे थांबेन, असे वचन नदीने कुणाला दिलेले नाही. तिचा हिशोब डोंगरात होतो. २०२१ च्या जुलैत त्याच पावसाने डोंगराच्या पलीकडे चिपळूण बुडवले आणि अलीकडे पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर येथे रात्री कडे कोसळून माणसे गाडली गेली. आपण ज्याला पूर म्हणतो, तो वरच्या गावात चिखल आणि दगड होऊन आधी घरात शिरतो. ती माणसे आणि आपण एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहोत. आपल्याला निदान पाणी खाली पोचेपर्यंतचा अवधी मिळतो, त्यांना तोही मिळाला नाही.

हा अवधी कसा वापरावा, हे बायकांच्या हाती आहे. कारण घर सोडायचे की नाही हा निकाल शेवटी गोठ्याजवळ लागतो. "म्हस कुणाच्या भरवशावर टाकू?" म्हणून बाई मागे राहते आणि बाईसाठी सारे घर मागे राहते. तेव्हा जनावरे आधी हलवावीत, माणसांची पाळी येण्यापूर्वी. बाळंतीण, गरोदर सून आणि म्हातारी माणसे दिवसाउजेडी, रस्ता कोरडा असताना पाठवावीत. सात-बारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक एका डब्यात असावे आणि तो डबा कुठे आहे हे मुलीलाही ठाऊक असावे. पावसाळ्यात महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगर यांचा पाऊस रोज वर्तमानपत्रात येतो. सोन्याचा भाव पाहतो तसा तोही पाहावा. आणि मुलींना पोहायला शिकवावे. नदीकाठच्या मुलीला पोहता न येणे ही काही लाजरेपणाची शोभा नव्हे.

पलूसकर भगिनी म्हणतील, आमचे गाव नदीपासून दूर, आम्हांला काय त्याचे? पण आपल्या लेकी आमणापूर, अंकलखोप, भिलवडी, नागठाण्याला दिलेल्या आहेत आणि तिकडच्या लेकी आपल्या घरी नांदत आहेत. काठ भिजला की माळाने दार उघडावे, ही जुनी रीत आहे. मंडळाने एवढेच करावे. काठच्या प्रत्येक गावात कुणाचे घर कुणाकडे येणार, गुरे कुणाच्या वाड्यात बांधायची, ही यादी ज्येष्ठातच, वटपौर्णिमेला बायका एकत्र जमतात तेव्हा, करून ठेवावी. ऐन पुरात परक्याच्या दारी जाणे जड जाते. आधी ठरलेल्या घरी जाणे हे माहेरपण होते.

आणि भिंतींवरच्या खुणा पुसू नका. २००५, २०१९, २०२१ अशा सालांनिशी त्या नीट रंगवून घ्या. फक्त मुलांना त्या दाखवताना "इथवर येते" असे म्हणू नका, "इथवर आले होते" असे म्हणा. या दोन वाक्यांतला फरक ज्या घराला कळला, ते घर वेळेवर बाहेर पडेल.