झोपेतले श्वास मोजा: कुत्र्यामांजरांच्या हृदयाबद्दल

(सूसमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेल्या बोलण्याचं हे लिखित रूप. पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं कमी केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मी इथे सूसमध्येच प्राण्यांचा दवाखाना चालवते. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, त्याच्या आधीपासून. तेव्हा गोठ्यावरची बोलावणी जास्त असायची. आता टॉवर झाले आणि टेबलावर शिह त्झू, पर्शियन, गोल्डन येतात. आज विषय हृदयाचा आहे, आणि सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

तीन वर्षांचा पर्शियन बोका. नसबंदीसाठी आणला होता. खेळकर, खाणंपिणं उत्तम. मी स्टेथोस्कोप लावला. ठोके फार जलद होते, मला वाटलं घाबरलाय. मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला तो 'फुस्स' आवाज, ऐकू आला नाही. भूल दिली, ऑपरेशन नीट झालं, सलाइन लावलं, संध्याकाळी घरी पाठवला. रात्री अडीचला फोन आला, "मॅडम, तो तोंड उघडून श्वास घेतोय."

कुत्रा जीभ काढून धापतो, ते नेहमीचं आहे. मांजर तसं करत नाही. मांजरानं तोंड उघडून श्वास घेतला की ती इमर्जन्सी समजायची, सकाळची वाट बघायची नाही. मी दवाखाना उघडला, ऑक्सिजन दिला, फुफ्फुसातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. पहाटे तो गेला. घरच्यांनी परवानगी दिली म्हणून शवविच्छेदन केलं. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती, आत रक्ताला जागाच कमी. याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. भूल आणि सलाइनचा ताण त्या हृदयाला झेपला नाही.

त्या ताईंनी मला विचारलं, "आधी कळलं असतं का?" मी सांगितलं, इको केला असता तर बहुधा कळलं असतं. ते उत्तर देणं सोपं नव्हतं.

मांजरांमध्ये हा सगळ्यात जास्त दिसणारा हृदयरोग आहे. इंग्लंडमध्ये वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांची तपासणी झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या साधारण पंधरा मांजरांत तो सापडला. बऱ्याच जणांना त्याचा आयुष्यभर त्रासही होत नाही. आणि गोंधळ असा, की मर्मर असलेल्या कित्येक मांजरांचं हृदय ठीक असतं, आणि आजारी हृदयात मर्मर नसूही शकते. म्हणून आता मी भुलीआधी मांजराला शांत खोलीत बसवून ठोके पुन्हा मोजते. शंका आली तर एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी सुचवते. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की ते द्रव्य रक्तात वाढतं. मेन कून, रॅगडॉल, पर्शियन असेल तर इकोबद्दल आधीच बोलते. सलाइनही हात राखून देते.

मांजराचं आणखी एक. रात्री चांगलं असलेलं मांजर सकाळी मागचे पाय ओढत, जोरजोरात ओरडत येतं. आपल्याकडे टेकडी जवळ, त्यामुळे लोक म्हणतात साप चावला, नाहीतर गॅलरीतून पडलं. कित्येकदा ती हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी असते. ती मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकते. पंजे हाताला गार लागतात, तळवे फिके किंवा निळसर दिसतात. वेदना भयंकर असते. चोळत बसू नका, शेक देऊ नका, तसंच उचलून आणा.

आणि दूधभात. गावठाणातल्या एका आजींचं मांजर वर्षानुवर्षं दूधभातावर होतं. आजींना मी म्हटलं, "आजी, ती उंदीर खाते म्हणून वाचली." मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं की हृदय फुगून ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाद्यात टॉरिन वाढवलं आणि तो आजार खूप कमी झाला. पण घरात फक्त दूधभात किंवा पोळी खाणाऱ्या मांजराला त्याचा काय उपयोग? आपण शाकाहारी असलो तरी मांजर शाकाहारी होत नाही.

आता कुत्रे. त्यांची गोष्ट वेगळी.

पामेरियन, शिह त्झू, डॅशहुंड अशा लहान जातींत उतारवयात डाव्या बाजूची झडप, मायट्रल, जाड आणि वेडीवाकडी होते. नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. ही गळतीच मर्मर म्हणून ऐकू येते. ती एक ते सहा अशा पायऱ्यांत मोजतात. मर्मर सापडली म्हणजे सगळं संपलं असं नाही, कित्येक कुत्रे वर्षानुवर्षं मजेत जगतात. प्रश्न असतो तो हृदय मोठं झालंय का, याचा.

ते मोजतात कसं? मला हा भाग फार आवडतो. चिवावा कुठे आणि ग्रेट डेन कुठे, दोघांना एकच फूटपट्टी कशी लावणार? म्हणून कुत्र्याचं हृदय त्याच्याच मणक्यांनी मोजायचं. छातीचा आडवा एक्स-रे काढायचा, हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची आणि ती चौथ्या मणक्यापासून किती मणके भरते ते बघायचं. दोन्हींची बेरीज साधारण साडेदहाच्या वर गेली की लक्ष द्यायचं. काही जातींचं मुळातच जास्त असतं, ते धरून. इकोमध्येही तसंच. डावा वरचा कप्पा शेजारच्या महाधमनीच्या किती पट आहे ते बघतात. १.६ किंवा जास्त म्हणजे कप्पा मोठा झालाय. इकोला बहुतेक वेळा भूल लागत नाही. थोडे केस कापतात, कुशीवर झोपवतात, घरचं माणूस डोक्याशी बसतं.

हे आकडे कशासाठी? औषध कधी सुरू करायचं, ते यावरून ठरतं. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला. हृदय मोठं झालंय पण त्रास सुरू झाला नाही, अशा कुत्र्यांना पिमोबेंडान दिलं, तर हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्षानं लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यातलं सव्वा वर्ष, विचार करा. पण हृदय मोठं झालेलं नसताना ही गोळी देण्यात अर्थ नाही. म्हणून नुसत्या मर्मरवर गोळी मागू नका.

मोठ्या जातींत, विशेषतः डोबरमनमध्ये, उलटं होतं. स्नायूच कमजोर होतो आणि मर्मर नसतानाही ठोके चुकायला लागतात. पहिलं लक्षण कधीकधी अचानक मृत्यूच. म्हणून डोबरमनला चोवीस तासांचा होल्टर आणि इको, तीन-चार वर्षांचा झाल्यापासून दरवर्षी. ठोके थोडे मागेपुढे होणं मात्र निरोगी कुत्र्यातही असतं. श्वास आत घेताना वेग वाढतो, सोडताना कमी होतो. त्याला घाबरू नका.

आता घरचं काम. एका काकांचा अकरा वर्षांचा पामेरियन, मोती. पाषाणच्या टेकडीवर रोज जायचा, मग चढावर थांबायला लागला. काका म्हणाले, "वय झालं हो त्याचं." मर्मर होती. मी त्यांना एकच काम दिलं. तो गाढ झोपला की छाती वरखाली होणं म्हणजे एक श्वास, असे तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. रोज कॅलेंडरवर लिहा. काकांनी लिहिलं अठरा, वीस, एकोणीस. चार महिन्यांनी एका मंगळवारी बत्तीस, रात्री पुन्हा मोजले तर छत्तीस. खोकला नव्हता, जेवला होता. ते त्याच रात्री घेऊन आले. पाण्याची गोळी वेळेत सुरू झाली आणि मोती त्यानंतर दीड वर्ष जगला, घरी, काकांच्या पायाशी.

झोपेत मिनिटाला तीसच्या वर, पुन्हा मोजूनही तेच, तर फोन करा. मांजरालाही हेच.

थोडक्यात आणखी तीन गोष्टी. खोकला म्हणजे हृदयच असं नाही, लहान कुत्र्यांत श्वासनलिकाही ढिली पडते. कुत्रा अचानक कोसळला तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, चक्कर आहे की फिट ते आम्हाला त्यावरून कळतं. आणि आजोबांची बीपीची गोळी अर्धी करून देऊ नका. हे हौसेनं केलेलं मी बघितलंय.

तो बोका गेला त्याच घरात आता दुसरं मांजर आहे. ताई त्याला नसबंदीला घेऊन आल्या तेव्हा त्यांनी कागद पुढे केला. आठवडाभराचे झोपेतले श्वास लिहिलेले. मी आधी इको करून घेतला, मगच भूल दिली.

बरं, आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरू करूया.