आधी पुरावा दाखव, मग बाटली विक

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला बोलावणाऱ्यांनी सांगितलं होतं, तू कवी आहेस, दोन कविता म्हण. मी म्हणालो, कविता राहू द्या. आज मला औषधावर बोलायचंय. दोन-चार पोरं हसली. औषध हा काय चळवळीचा विषय झाला?

झाला. ज्याच्यापाशी विकायला स्वतःच्या अंगाशिवाय काही नाही, त्याच्या अंगात कोण काय घालतं हा भाकरीइतकाच राजकारणाचा प्रश्न आहे. या भागातून दरवर्षी कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच खाऊन झालेली असते. एक दिवस पालात पडून राहिलं की मुकादम खाडा लावतो. असल्या माणसाला आजारी पडायची चैन परवडत नाही. त्याला सात दिवसांत उभं करणारी बाटली पाहिजे असते. आणि आपली ही घाई बाटलीवाल्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

मी मुंबईच्या गोदीत काम करतो. बाहेरच्या देशातून खाण्याचा माल आला की त्याचं वजन होतं, नमुना काढतात, तपासणीला पाठवतात. कागद आल्याशिवाय माल सुटत नाही. डाळीच्या पोत्याला एवढा मान! आणि गुडघेदुखीवर, साखरेवर, अशक्तपणावर म्हणून जे चूर्ण माझ्या बापाच्या पोटात जातं, त्याचा नमुना कुणी काढला? कुठं तपासला? विचारा. विकणारा बोट वर करतो आणि म्हणतो, पाच हजार वर्षांची परंपरा आहे.

नवीन ॲलोपॅथी औषध बाजारात आणायचं तर आधी जनावरांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर चाचणी दाखवावी लागते. आयुर्वेदिक मालाचा परवाना देताना काय लागतं हे २०१० मध्ये घातलेल्या नियम १५८-ब मध्ये सांगितलंय. कायद्याच्या यादीतल्या जुन्या ग्रंथात नुस्खा असेल आणि ग्रंथात सांगितलेल्याच दुखण्यावर तो विकायचा असेल, तर बहुतेक वेळा ना सुरक्षिततेची चाचणी, ना गुणाची. ग्रंथाचा दाखला पुरतो.

ग्रंथात लिहिलंय म्हणून! हे वाक्य आपल्याला कुणी शिकवायला नको. ग्रंथात लिहिलंय म्हणून आपल्याला तळ्यावर पाणी नव्हतं. त्या ग्रंथाचं काय करायचं ते बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला दाखवलं. आणि त्याच्याही अडीच हजार वर्षं आधी केसपुत्ताच्या कालामांना बुद्धानं सांगितलं होतं की परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. स्वतः पारखा, कशानं भलं होतं आणि कशानं नुकसान होतं ते बघा. कालामसुत्त वंदनेपुरतं ठेवायचं आणि दवाखान्यात, बाजारात विसरायचं, हे चालणार नाही.

आता कुणी म्हणेल, हा पोरगा झाडपाल्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. डोंगर तुडवून मुळी आणणारा वैदू आपलाच माणूस. रस्त्यावर पथारी मांडली की पोलीस त्याला हाकलतात. तीच मुळी कंपनीच्या डबीत गेली की तिचं नाव प्राचीन भारतीय ज्ञान. ही चोरी मला दिसते. पण म्हणून वैदूच्या मुळीलाही मी सूट देणार नाही. आपला माणूस विकतो म्हणून विष गोड होत नाही.

आणि विष म्हणतो ते उगाच नाही. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली. १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. म्हणजे पाचात एक. शिसं पोराच्या मेंदूवर जातं, पारा मूत्रपिंडावर. डबीवर मात्र हिरवं पान छापलेलं असतं.

चाचणी म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला समजलं तर तुम्हालाही समजेल. सर्दी औषध न घेताही आठवड्यात जाते. मी तुम्हाला माझी राख दिली, सर्दी गेली, तर श्रेय कुणाचं? राखेचं की आठवड्याचं? हे कळायचा एक रस्ता आहे. सारख्या दुखण्याची पुष्कळ माणसं घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी गोळी जिच्यात औषध नाही. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. मग मोजा. किती बरे झाले, किती बिघडले, किती मेले. आणि आकडा आपल्या बाजूनं आला नाही तरी छापा. बस्स. यात पूर्व-पश्चिम काही नाही. प्रामाणिकपणा आहे.

झाडपाला या परीक्षेला बसू शकतो का? बसलाय. सर्पगंधा ही आपल्याकडची मुळी. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, रक्तदाब मोजत राहिले, आकडे इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात छापले. तीन वर्षांत तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरात आलं. पुढं हेही नोंदलं गेलं की काही रुग्णांना त्यानं खोल उदासी येते. डोस उतरवले. गुणही लिहिला, दोषही लिहिला. मुळीची इज्जत यानं वाढली, कमी झाली नाही.

दुसरं उदाहरण गुळवेलीचं. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या केईएममध्ये गुळवेलीवर काम केलं. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला आलेल्या ३० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये छापून आला, आणि तो गुळवेलीच्या बाजूनं होता. मग २०२० आलं. कोरोनाच्या भीतीनं लोक काढे प्यायला लागले. कुणी महिनोन्‌महिने गुळवेल घेतली. त्याच मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्ण छापले: गुळवेल घेतली आणि यकृताला सूज, कावीळ. आयुष मंत्रालय म्हणालं, ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. २०२२ मध्ये देशभरातल्या डॉक्टरांनी ४३ रुग्णांची नोंद पुढं ठेवली.

मग खरं काय, गुळवेल अमृत की विष? असा प्रश्नच चुकीचा. किती दिवस, किती मात्रा, कुणाला, कुठल्या रूपात, हा प्रश्न. ज्याचं शरीर आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटलंय त्याला ती धोक्याची, असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि बाटलीत दुसरीच वेल जात असेल, तर तो गुन्हा नाही काय? बाटली तपासायचं काम पिणाऱ्याचं आहे की सरकारचं?

त्याच २०२० च्या जूनमध्ये कोरोनिल आलं. सात दिवसांत शंभर टक्के बरे, असा डंका. चाचणी झाली होती जेमतेम शंभर जणांवर, आणि तेही लक्षणं नसलेले किंवा सौम्य आजाराचे. म्हणजे माझी मघाची सर्दी! आयुष मंत्रालयाला जाहिरात थांबवायला सांगावं लागलं, महाराष्ट्र सरकारनं इशारा दिला. वास्तविक १९५४ पासून कायदा आहे: मधुमेह, कर्करोग, लकवा, मोतीबिंदू असल्या यादीतल्या आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करता येत नाही. तरी जाहिराती चालूच. शेवटी डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीला वर्तमानपत्रांत माफी छापावी लागली. न्यायमूर्तींनी विचारलं, जाहिरात जेवढी मोठी देता, माफी तेवढी मोठी आहे का? सत्तर वर्षांचा कायदा जागा व्हायला एवढं लागलं. यात्रेत, बाजारात आपल्या माणसाला कोण माफी मागणार?

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता दुसरी बाजू सांगतो, ती जास्त कडू आहे. चाचणी पाहिजे म्हणालो. पण चाचणी कुणाच्या अंगावर?

प्लेग १८९६ मध्ये आमच्या गोदीला लागून असलेल्या मांडवीत सुरू झाला. हाफकिननं लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगात टोचली. या माणसाला माझा सलाम. त्यानंतर कुणाला? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते राजी होते म्हणतात. कैदी किती राजी असतो? त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या.

२००९-१० मध्ये आंध्रात खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरची लस दिली. लस आज जगानं मान्य केली आहे, लसीबद्दल माझी तक्रार नाही. पण संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये जे लिहिलं ते वाचा. आश्रमशाळेतल्या, वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीवर सही वॉर्डनची, मुख्याध्यापकाची. आदिवासी, दलित पोरींच्या आईबापाला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता आपल्या शिवेला लागून असलेल्या जिल्ह्याचं ऐका. उस्मानाबाद, आजचा धाराशिव. १९९९ पासून तिथं बार्शीच्या आणि मुंबईच्या कर्करोग रुग्णालयांनी मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. गावांचे चार गट. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, एकदाच. चौथ्या गटाला तपासणी नाही, गावात जे मिळत होतं तेच. आठ वर्षांनी मोजलं. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायांत या कर्करोगानं ३४ गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांत ६४.

संशोधक म्हणाले, तेव्हा देशात ही तपासणी कुणालाच मिळत नव्हती, आम्ही कुणाचं काढून घेतलं नाही. हे खोटं नाही. त्या चाचणीनं जगाला शहाणं केलं, हेही खरं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं विषाणूची हीच तपासणी आधी करा असं सगळ्या देशांना सांगितलं. पण त्या ६४ जणी आकडा होण्याआधी कुणाच्या तरी आया होत्या. त्यांच्या मरणातून जे ज्ञान निघालं, त्याच्यावर पहिला हक्क कुणाचा? मराठवाड्यातल्या बायांचा. तो मिळाला का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायांत अशी तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत.

आणि बीडमध्ये काय झालं? त्याच कर्करोगाची भीती घालून पिशव्या काढल्या. २०१९ मध्ये सरकारच्या समितीसमोर जिल्ह्याची पाहणी आली: ८२ हजारांवर ऊसतोड बाया, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. कित्येक चाळिशीच्या आतल्या. पांढरं जातं, पोट दुखतं, म्हणून गेली. सांगितलं, कॅन्सर होईल, काढून टाक. पाळीच्या दिवसांचा खाडा वाचेल, हाही हिशोब. त्यांतल्या किती जणींची आधी साधी तपासणी झाली होती? पलीकडच्या जिल्ह्यात बायांवर चाचणी करून जी तपासणी सिद्ध केली, ती शीव ओलांडून इथं आली नाही. चाकू आला. नवऱ्यानं त्यासाठी पुन्हा उचल घेतली.

म्हणून मी म्हणतो, हे दोन वेगळे अन्याय नाहीत. न तपासलेला माल आपल्या पोटात, आणि तपासून सिद्ध झालेलं आपल्या गावाबाहेर. दोन्हीकडं आपलं अंग फुकट.

काही होत नाही असं म्हणू नका. २०१९ चा बोभाटा झाल्यावर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली, आणि शस्त्रक्रियांचा आकडा खाली आला. विचारणारा उभा राहिला की चाकू थांबतो. तर उद्यापासून विचारायचं काय, ते ऐका.

बाटलीवाल्याला विचारायचं: परवाना क्रमांक कुठाय, आत काय काय आहे, किती माणसांवर तपासलं, कुणाशी तुलना केली. उत्तर नसेल तर बाटली परत. ‘साईड इफेक्ट नाही’ असं लिहिलेलं दिसलं की आणखी सावध व्हायचं. ज्याला गुण आहे त्याला दोषही असतोच.

चाचणीला कुणी बोलावलं तर अंगठा द्यायचा नाही. आधी मराठीत वाचून दाखव, कागदाची प्रत माझ्या हातात दे. चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद २००९ पासून सक्तीची आहे, तो क्रमांक सांग. २०१९ च्या नियमानं चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हेही मान्य कर. मधेच सोडून जायचा हक्क माझा. आणि औषध लागू पडलं तर ते माझ्या गावच्या आरोग्य केंद्रात कधी येणार, ते आजच लिहून दे.

औषधानं, मग ते कुठलंही असो, त्रास झाला तर गप्प बसायचं नाही. १८००-१८०-३०२४ हा सरकारचा फुकटचा नंबर आहे. नोंद करा. नोंद नसलेलं दुखणं सरकारच्या लेखी झालेलंच नसतं.

आणि आरोग्य केंद्रावर मोर्चा न्यायचा असेल तर मागणी एकच न्या: धाराशिवच्या बायांच्या अंगावर सिद्ध झालेली तपासणी बीडच्या प्रत्येक ऊसतोड बाईला, कारखान्याला निघायच्या आधी, फुकट. मी गोदीतून सुट्टी टाकून येईन. खाडा पडला तरी येईन.

जयभीम.