मॉरिशसचा ऊस, बीडचा कोयता आणि पर्यटन



बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या कुंडात मधोमध उभे आहे. अवर्षणग्रस्त जिल्ह्यात बेट म्हणावे असे दृश्य एवढेच. तथापि एका दूरच्या बेटाचा अनुभव या जिल्ह्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. ते बेट म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस.

1834 पासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. 1968 साली मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा त्याची सारी भिस्त उसावर होती. पुढे कापड उद्योगाबरोबर पर्यटनालाही चालना मिळाली. किनाऱ्यावर हॉटेले उभी राहताना गवंडी, सुतार व वीजतंत्री यांना काम मिळाले. ती सुरू होताच स्वयंपाकी, वाहनचालक, कोळी व भाजी पिकविणारे यांच्या हाती पैसा खेळू लागला. बांधकामाची मजुरी इमारत पुरी होताच थांबते. पाहुणे येत राहिले, तरच त्या इमारतीतून पुढे रोजगार निर्माण होतो.

या प्रगतीला दुसरीही बाजू आहे. सिमेंट, पोलाद आणि पुष्कळसे अन्नधान्य बाहेरून येत असल्यामुळे पाहुण्याने दिलेल्या पैशाचा मोठा भाग बेटाबाहेर जातो. करोनाच्या साथीत मार्च 2020 मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या आणि त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 15 टक्क्यांनी घटले. एकाच आधारावर उभे राहण्याचा धोका उसाप्रमाणे पर्यटनातही असतो.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. याच जिल्ह्यात परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी, कपिलधार, सौताडा येथील धबधबा, धारूरचा किल्ला आणि नायगावचे मयूर अभयारण्य आहे. श्रावणात परळीला गर्दी होते तेव्हा ही कुटुंबे गावी असतात. परंतु योगेश्वरीचा मार्गशीर्षातील नवरात्रोत्सव आणि वैजनाथाची महाशिवरात्र येते, तेव्हा त्यांच्या हातात परमुलखात कोयता असतो. बाहेरचा यात्रेकरू जिल्ह्यात येतो आणि जिल्ह्यातला माणूस बाहेर असतो, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगर ते बीड रेल्वेगाडी सुरू झाली. यात्रेकरूंची सोय वाढली की भक्तनिवास, उपाहारगृहे व रस्ते यांची कामे ओघाने येतील. ती बाहेरच्या ठेकेदाराने बाहेरचे मजूर आणून केली, तर मॉरिशसप्रमाणेच पैसा आला तसा निघून जाईल. म्हणून ग्रामपंचायतींनी गावातील गवंडी, सुतार, नळकारागीर यांची यादी आजच तयार ठेवावी. वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते; त्याला आवश्यक ते प्रमाणपत्र मिळवून देणे हे मोठे साहाय्य होईल. घरगुती निवास-न्याहारी, ज्वारीची भाकरी, स्थानिक भाजीपाला व दूध यांचा पुरवठा बचत गटांकडे सोपविता येईल. शिक्षकांनी गावच्या वारशाची अचूक माहिती विद्यार्थ्यांना द्यावी. त्यांतूनच उद्याचे वाटाडे तयार होतील.

पाण्याचा हिशेब मात्र विसरता कामा नये. उन्हाळ्यात गावाला टँकर लागत असेल, तर निवासाची क्षमता त्या पाण्याच्या मापानेच ठरविली पाहिजे.

पर्यटनाने ऊसतोड एकाएकी थांबणार नाही. परंतु एखाद्या गावातील दहा कुटुंबांनी यंदा उचल घेतली नाही आणि त्यांची मुले वर्षभर एकाच शाळेत बसली, तर त्या गावापुरता विकास झाला असे खुशाल म्हणावे. किती इमारती उभ्या राहिल्या याबरोबरच किती घरांची कुलुपे निघाली, याचीही नोंद दप्तरी व्हावी.