युद्धकाळातील बेळगावचे प्रशिक्षण केंद्र

(अफजलपूर येथील ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा अफजलपूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. राज्ये निराळी असली तरी भीमाकाठाप्रमाणेच तेथेही मराठी आणि कन्नड शेजारी नांदत होत्या. त्याच बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणींच्या रिक्रूटांना शिक्षण देण्यात येत असे.

१९३९ मध्ये हिंदी सैन्यात सुमारे २ लाख शिपाई होते. १९४५ पर्यंत ही संख्या २५ लाखांवर गेली. भरती सक्तीची नव्हती. कोणी वडिलांच्या मागोमाग पलटणीत गेला, तर कोणाला कोरडवाहू शेतीने घराबाहेर काढले. त्याच सुमारास, १९४२ मध्ये, ‘चले जाव’ चळवळ पेटली होती. एका घरातील मुलगा बराकीत आणि शेजारचा तुरुंगात, असेही त्या काळी घडू शकत होते. यांपैकी कोणालाही आज कमी लेखण्याचे कारण नाही.

रिक्रूटाचा दिवस बिगुलाने सुरू होई. अंथरूण घडी करून जागेवर ठेवायचे, बूट आणि पितळी बक्कल लखलखीत करायचे, मग शारीरिक कसरत व कवायत. नांगरामागे चालण्याची सवय असलेल्या पायांना बूट आणि पट्ट्या प्रथम जाचत. शिकवणाऱ्या हवालदाराला ‘उस्ताद’ म्हणत. बंदूक उघडणे, पुसणे, पुन्हा जोडणे हे डोळे मिटूनही जमेपर्यंत तो सोडत नसे. पुढे चांदमारीवर नेमबाजी, संगिनीचा सराव, हातबाँब, ब्रेन गन आणि पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती पायपीट. लंगरात सर्वांना एकत्र जेवण मिळे.

याखेरीज एक शाळाही असे. सैन्याचा व्यवहार रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदुस्थानीत चाले, त्यामुळे खेड्यातून आलेल्या तरुणाला भाषा आणि लिपी दोन्ही नव्याने शिकाव्या लागत. ज्याने गावी पाटी हाती धरली नव्हती, तो येथे अक्षर ओळखून स्वतःचे नाव लिहू लागे. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

परंतु युद्धकाळी वेळ कमी असतो. माणसांची मागणी वाढली तसे शिक्षण घाईचे झाले आणि अर्धकच्चे शिपाई आघाडीवर पोहोचू लागले. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात झालेली पीछेहाट आणि १९४३ च्या प्रारंभी आराकानमध्ये आलेले अपयश यांमागे अनेक कारणे होती, त्यांत हे एक होते. म्हणून १९४३ मध्ये नेमलेल्या पायदळ समितीने केंद्रातील मूलभूत शिक्षण ९ महिन्यांचे करावे आणि त्यानंतर २ महिने जंगलयुद्धाचा सराव द्यावा, अशी शिफारस केली. या सरावासाठी दोन डिव्हिजन केवळ शिक्षणाच्या कामी लावण्यात आल्या. त्यांपैकी १४ वी छिंदवाडा येथे होती. मलेरियापासून बचाव, रात्रीची हालचाल, निःशब्द पहारा हे विषयही गोळीबाराइतकेच महत्त्वाचे ठरले. शिक्षणात वाचवलेल्या महिन्यांची किंमत रणांगणावर प्राणांनी मोजावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

मराठा पलटणींच्या दोन जवानांना या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आपल्या तुकडीतील सर्व सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. मॅगझीन बदलण्यास सवड नव्हती, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने झुंज दिली आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. नगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले आणि मग शत्रूच्या तीन मशीनगन ठाण्यांचा बंदोबस्त केला. जाधव घरी परतले. घाडगे यांचे नाव इटलीतील कासिनो स्मारकावर कोरलेले आहे.

अशी दोन नावे इतिहासात राहिली. इतर हजारोंचे काय? पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत, येथून इतके लोक युद्धावर गेले व इतके कामास आले, अशा पाट्या लावल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील शिपायांच्या वाट्याला गावोगावी तेवढीही नोंद आली नाही. त्या पिढीतील माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. मात्र एखाद्या घरच्या ट्रंकेत सेवापुस्तक, पदक किंवा जुने छायाचित्र अजून सापडू शकेल. ग्रामस्थांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी नाव, पलटण आणि सेवेची वर्षे शाळेच्या वहीत उतरवून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी अशा वह्या तालुक्याच्या ठिकाणी जतन होतील असे पाहावे. नोंद मराठीत असो वा कन्नडमध्ये, ती या पिढीकडून झाली पाहिजे. पुढच्या पिढीला विचारण्यासाठी कोणी उरणार नाही.