‘गॅस झालाय’ असं लिहिण्याआधी



12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींचं अपेंडिक्स काढण्यात आलं. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या या 54 वर्षांच्या कैद्यावर कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असताना मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हतं. त्याआधी तीनच वर्षं, 1921 मध्ये, झॅकरी कोप यांचं तीव्र पोटदुखीच्या निदानावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं. धडधाकट माणसाचं पोट सहा तास जोरात दुखत राहिलं, तर कारण बहुधा शल्यचिकित्सकाच्या हद्दीतलं असतं, असा नियम त्यांनी सांगितला.

सत्तरी ओलांडलेली माणसं मात्र हा नियम चकवतात. ती ओरडत नाहीत.

ऊसतोडीच्या दिवसांत घरचे सगळे शेतावर असतात. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीतून पाळी सुटल्यावर आईला दवाखान्यात आणतो, तोवर तिनं दुखणं दोन दिवस अंगावर काढलेलं असतं. ‘गुबारा धरलाय’ एवढंच ती सांगते. ताप नाही, नाडी 76, पोट मऊ. पित्ताचं इंजेक्शन, सलाईन आणि घरी रवानगी.

यातली प्रत्येक खूण फसवी असू शकते. वयानं पोटाचे स्नायू पातळ झालेले असल्यानं आतडं फुटलं तरी पोट टणक होईलच असं नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी वाढत नाही. गंभीर जंतुसंसर्गातही कधी कधी ताप चढत नाही आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल येतात.

म्हणून आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करावी. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक त्यात हमखास सापडतं, आणि जठराचा व्रण फुटण्यामागे ते असू शकतं. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसली नाही, म्हणजे छिद्र नाही असं होत नाही.

मग ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका बेंबीच्या वर दुखणं म्हणून येऊ शकतो. मधुमेही माणसाच्या छातीत काही वेळा कळही येत नाही.

सगळ्यात जास्त निसटते ती जांघ. उलट्या आणि फुगलेलं पोट घेऊन आलेल्या आजींचा अडकलेला फीमोरल हर्निया लुगड्याखाली सुपारीएवढा असतो. त्या संकोचतात, डॉक्टरही संकोचतात. नर्सबाईंना सोबत घेऊन, पडदा ओढून तपासायला दोन मिनिटं लागतात. आजोबांच्या बाबतीत प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवीही अशीच हाताला लागते.

दोन दुखणी वेळच देत नाहीत. रुग्ण कळवळतोय पण पोट मऊ आहे, नाडी अनियमित आहे, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. आणि पासष्टीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘मूतखडा’ झाला असेल, तर फुगलेली महाधमनी आधी नाकारावी.

शिरूर-दौंडहून पुणं सत्तर-ऐंशी किलोमीटर. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे. पण उशीर बऱ्याचदा रस्त्यापेक्षा ‘उद्या बघू’मध्ये होतो. दुखणं थांबवायचं औषध देऊनच रुग्ण पाठवावा. त्यानं निदान झाकलं जातं ही जुनी भीती आता टिकलेली नाही. ज्यांना घरी पाठवलं, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवावं आणि पोटावर पुन्हा हात ठेवावा.

शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय आणि सगळे खासगी दवाखाने यांच्यासाठी रेफरची एकच चिठ्ठी असावी. तिच्यात पाच ओळी पुरेत: दुखणं सुरू झाल्याची वेळ, शेवटचं शौच कधी झालं आणि वायू कधी सरला, चालू गोळ्या, ईसीजी, आणि जांघ तपासली की नाही. तिचा नमुना शिरूर आणि दौंड तालुक्यांतील डॉक्टरांच्या या परिषदेनं दुपारच्या सत्रातच मंजूर करावा, अशी अध्यक्ष या नात्यानं सूचना आहे.